सुईले लावलेलं बोट

१२ मे, सोमवार

हाओ, मीच लावलं बोट! गोपाळकाकाच्या जुन्या व्होल्टेज-मशीनच्या सुईले. काच उघडीच होती. जरासं ढकललं, सुई गेली गोल कागदाच्या काठावर, अन् लाल रेघेले मस्त शिंग निघालं. हासून हासून पोट दुखलं तेव्हा.

काका वीज खात्यातून रिटायर झालेले, आमच्या शेजारीच राहतात. आठवडाभर ते व्होल्टेजची रेघ काढणारं मशीन लावून बसले होते. संध्याकाळ झाली का गल्लीचं व्होल्टेज पडते, अन् त्यांच्या घरी इंदूकाकूचं ऑक्सिजनचं मशीन कुईकुई करून बंद! तेच कागदावर दाखवायचं होतं.

आज कागद घेऊन हापिसात गेले. साहेब म्हणे, "चारशे व्होल्ट? टीव्ही चंद्रावर गेला असन तुमचा!" सगळे हासले. काका घरी येऊन चपला न काढताच बसून राहिले.

काहून केलं मी असं?

१३ मे

सांगून टाकलं काकाले. वाटलं, आता कानाखाली बसन. काका म्हणे, "दुर्गेश, हा कागद आता कुठं भेटत नाही. एकच उरला." बस. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

ठरलं! या कागदाले मी सांभाळीन.

१४ मे, बुधवार

कागद लावला. चावी मीच भरली — आत घड्याळच आहे, आठवड्यात कागद एक चक्कर मारते. शाईत ग्लिसरीन टाकलं, नाहीतर या उन्हात सुईच्या टोकावरच वाळते. काचेले चिकटपट्टी मारली. वर लिहिलं — 'दुर्गेशनं हात लावू नये.' काकू हासल्या.

१६ मे

संध्याकाळी पाहत बसलो. सुई हळूच आत सरकली, म्हणजे व्होल्टेज पडलं, अन् काकूचं मशीन ओरडलं. ओठ निळे पडले त्यांचे! काकानं पटकन राखीव सिलिंडर लावला. काकू म्हणे, "तोंड नको पाडू बे, मी काही इतक्यात जात नाही."

तिकडून बाबा आमच्या पिठाच्या चक्कीवरून बोंबलून राहिले — "दुर्ग्या, दळणाचे डबे कोण पोचवन, तुझा सासरा?"

नाही हललो.

१८ मे, रविवार

चक्की बंद करून बाबा खाप्याले गेले, नात्यातल्या पोरीच्या साक्षगंधाले. मी गेलो नाही. गुलाबजाम होते म्हणे! असो. काकूचं मशीन आज ओरडलंच नाही. लय गप्पा मारल्या त्यांनी.

२१ मे

कागद काढला. रोज संध्याकाळी रेघ आत वळलेली. फक्त रविवारी सपाट.

काका म्हणे, "रविवारी काहून नाही पडलं बे?"

"सुट्टी असन व्होल्टेजले," म्हटलं. अन् लगेच आठवलं. रविवारी आमची चक्की बंद होती! बाबा संध्याकाळी चक्की मीटरवर नाही चालवत. खांबावरच्या तारेले आकडा टाकून चालवतात. काकूच्या घरी तीच तार जाते.

काका पाणी प्यायसाठी आत गेले. कागद समोर, लाल शाई समोर. रविवारच्या रेघेले एक खड्डा पाडला का झालं, बाबाचं कोणालेच कळलं नसतं. बोट उचललंही.

खाली ठेवलं. परवा काका कागद हापिसात नेणार.

घरी बाबाले म्हटलं, "आकडा काढा. इंदूकाकूचा जीव जाते त्याच्यानं. कनेक्शन घ्या ना मोटरचं."

"तू शिकवतं काय मले? दहावी तर निघाली नाही तुझ्यानं!"

२२ मे

चक्कीसमोर डब्यांची लाईन लागली. मोटरचा पट्टाच गायब! बाबांनी पोती झटकली, छत पाहिलं, मायची पेटीही उलटी केली. काकूचं मशीन आज शांत चालून राहिलं.

पट्टा माझ्या गादीखाली आहे. आकडा निघेपर्यंत तिथंच राहन तो. वहीबाई, कोणाले सांगू नको, हात जोडतो! बाबा इकडंच येऊन राहिले —