ज्याच्याकडे माना वळतात

४ फेब्रुवारी

आले बाई एकदाची नातीकडे! ठकीनं स्टेशनावर असं कवटाळलं की माझा चष्माच वाकला. ही वही तिनंच दिली, म्हणाली, आजी, बोलतेस तसंच लिही. मी चौथी शिकलेली, माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पण लिहिते. घर एवढंसं, ओट्याशी दोघी उभ्या राहिलो तर एकीनं श्वास आत ओढायचा. ठकी उंदरांवर संशोधन करते. शेजारीण विचारत होती नात काय करते, मी ऐटीत सांगितलं, उंदीर पाळते.

६ फेब्रुवारी

मला नोकरी लागली! कुणी हसू नये. प्रयोगशाळेत उंदरांच्या पाण्याच्या बाटल्या धुणारी बाळंतपणाला गेली, बदली मिळेना, मग मीच पदर खोचला. मोठ्या साहेबांनी आधी नाक मुरडलं. मग मी धुतलेली बाटली त्यांनी उजेडात धरून पाहिली नि म्हणाले, उद्यापासून या.

उंदीर पांढरेशुभ्र, डोळे लालबुंद, प्रत्येकाला वेगळा पारदर्शक डबा. सगळ्यांनाच रक्तदाब. पण खारं पाणी पाजलं की एका घराण्यातले लकवा मारून पडतात, दुसऱ्या घराण्यातले तेच पिऊन ठणठणीत. ठकीनं दोन्ही घराण्यांची सोयरीक जमवली. आता नातवंडांत कोण पडतं ते बघते. रक्तातून जनुक की काय उतरतं म्हणे, आणि चार-पाच जनुकांवर तिचा संशय आहे. मी म्हटलं, म्हणजे चोर घरातलाच, फक्त मामा की चुलता ते कळेना! ठकी खो खो हसली.

मग हसू आवरून डबे पुसू लागली. तिची आई, माझी लेक, अशीच लकव्यानं गेली, शेंगा सोलता सोलता. माझी आईही तशीच. म्हणून तर पोरीनं हे काम धरलंय.

११ फेब्रुवारी

काल एक गंमत पाहिली. मांडणीवरच्या सगळ्या उंदरांनी एकाच डब्याकडे माना वळवल्या होत्या. मिशीसुद्धा हलेना. त्या डब्यात एक गलेलठ्ठ होता, त्याला मी भाऊजी म्हणायची, चालणं अगदी माझ्या दिरासारखं. मला वाटलं, भांडण असेल. आज भाऊजींचा पुढचा पाय लोंबला. गोल गोल फिरले नि आडवे झाले.

१५ फेब्रुवारी

पुन्हा तेच. ज्याच्याकडे माना वळतात, तो दुसऱ्या दिवशी पडतो. एकदाही चुकलं नाही.

ठकीला सांगितलं. हसण्यावारी नेलं नाही हो तिनं. आजाराचा त्यांना वास येत असेल म्हणाली, कॅमेरा लावून बघू. गुणाची पोर. पण आता त्या खोलीत मी मांडणीकडे पाठ करूनच बाटल्या धुते.

१९ फेब्रुवारी

आज ठकी आत आली नि सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

ती दाराशी गेली, माना दाराकडे. बाटली फुटली माझ्या हातून.

तशीच तिला ओढत दवाखान्यात नेली. तपासलं. रक्तदाब ठीक, रोज घेते ती गोळी चालू ठेवा म्हणाले. मी रडले तर मलाच झोपेची गोळी लिहून दिली. ठकी माझी पाठ चोळत बसली.

तिथेच बाकावर डोक्यात उजेड पडला. आत येताना, दाराशी जाताना मी तिला चिकटूनच होते की! मलाच बघत असतील. अगं बाई, इतकं हलकं वाटलं! मी पिकलं पान, माझं काय.

खात्री करायला संध्याकाळी परत गेले. मी खिडकीशी, ठकीला दाराशी उभं केलं.

अर्ध्या माना माझ्याकडे. अर्ध्या —

२० फेब्रुवारी

पहाटेपर्यंत तिचा हात धरून बसले. चल, दवाखान्यातच बसू म्हटलं. आजी, अंघोळ करते नि निघू म्हणाली. कडी लावू नकोस म्हटलं होतं —

उजवा हात गेला. डाव्यानं लिहिते. हाक निघत नाही, नुसती लाळ. बाहेर आली की हेच दाखवीन — ठकी, आत्ता चल, माझं सोड, तुझं —

पाय नाही उचलत. दार चार हातांवर. आत गातेय. गातेय तोवर बरी आहे —

तीच ओळ परत. परत तीच —

तांब्या पडला.

पाणी चालू आहे. ठकी गा ना गं — गा —