चावरा घोडा आणि दिल्लीचा रिपोर्ट

विकास नगर, लखनौ
ता. १४ ऑक्टोबर १९८७

तीर्थरूप रावसाहेबदादा यांस,

धाकट्या चुलतभावाचा, म्हणजे दयारामचा, सप्रेम जयभीम. तुमचा गुडघा कसा आहे? सुभद्रावहिनींचा खोकला थांबला का? थांबला नसेल तर दोघांनी एका पेल्यातून पाणी पिऊ नये. असे का म्हणतो ते पुढे येईलच. आमच्याकडे सगळे खुशाल आहे, फक्त माझी हकिकत सरकारी रिपोर्टात लिहिली जात आहे आणि तो रिपोर्ट दिल्लीला जाणार आहे. त्यामुळे मला जेवण जात नाही आणि एका जागी बसवतही नाही.

आमची सून विनया घोड्यांची डॉक्टर आहे हे तुम्हाला माहीत आहे. (गाईम्हशींचीही आहे, पण सध्या घोड्यांची.) यंदा घोड्यांत फ्लूची साथ आली आहे. माणसासारखाच ताप, खोकला, वाहते नाक. आराम दिला तर जनावर बरे होते, जुंपले तर बिघडते. हा रोग कुठून कुठे गेला ते शोधायचे, आणि आपल्या देशी जातींपैकी कोणती जास्त आजारी पडते, काठेवाडी की मारवाडी, ते पाहायचे, असे तिचे काम. (काठेवाडी घोडा ओळखायला सोपा, त्याच्या कानांची टोके आत वळून एकमेकांना टेकतात. मारवाडी घोड्याचीही तशीच टेकतात, म्हणून जरा अवघड.)

तर आमच्या कोपऱ्यावर छुट्टन मियाँ म्हणून एक तांगेवाले उभे असतात. त्यांची काठेवाडी घोडी शहजादी शिंकू लागली आणि मला काळजी लागली. विनया पडली सरकारी माणूस, कागद हलल्याशिवाय ती हलणार नाही, मग तोवर बाकीच्या तांगेवाल्यांना सावध कोण करणार? म्हणून मी आमच्या मंडळींच्या, म्हणजे द्रौपदीच्या, धुण्याच्या बादलीत कडुनिंब आणि गुळाचे पाणी उकळले, खांद्यावर गमछा टाकला आणि तांग्यात बसून थेट सरोजिनी नगरच्या अड्ड्यावर निघालो. (तांगा कोणाचा विचाराल, तर शहजादीचाच. दुसरा मिळाला नाही, आणि ती तेव्हा नुसती शिंकतच होती.) तिथे बादलीतले पाणी आधी शहजादीला पाजले, कारण आजारी तीच होती, आणि मग एकेक करून सगळ्या घोड्यांना. सगळ्यांची नाकेही त्याच गमछ्याने पुसली. तांगेवाल्यांनी मला खाटेवर बसवून चहा पाजला. जन्मात एवढा मान मिळाला नव्हता.

पुढच्या आठवड्यात सरोजिनी नगरचा आख्खा अड्डा खोकू लागला. विनया चक्रावली. रोग शहराच्या या टोकाकडून एकदम त्या टोकाला गेला, आणि वाटेत चारबाग स्टेशनाच्या अलीकडे जो अड्डा आहे, जिथे सगळे मारवाडी घोडे आहेत, तिथे एकाचेही नाक ओले नाही. एकदा जेवताना तिने ताटातला हात तसाच ठेवला आणि म्हणाली, "बाबा, मारवाडी घोड्यात काहीतरी खास आहे. हे अजून कुणी लिहिलेलं नाही." दादा, मला इतका आनंद झाला की मी पुन्हा भात घेतला आणि सकाळी उठून साऱ्या कॉलनीत सांगून आलो की सुनेने शोध लावला.

मग मी हट्टाने तिच्या जीपमधून सरोजिनी नगरला गेलो. तिने तिथल्या म्हाताऱ्या तांगेवाल्याला विचारले, बाहेरचे जनावर इकडे आले होते का? तो म्हणाला, "आई थी डॉक्टर साहिबा, एक घोड़ी, इन्हीं बुज़ुर्गवार को लेकर। एक ही बाल्टी से सबको शरबत पिलाया इन्होंने। बड़ी मुहब्बत से नाक पोंछी।" आणि त्याने मला सलाम केला. मीही केला. (मला वाटले, तारीफ चालली आहे.)

विनयाने हे सगळे वहीत लिहून घेतले. जीपमध्ये बसल्यावर हळूच म्हणाली, "बाबा, मग मधल्या अड्ड्यावर का नाही थांबलात?"

"तिथला पहिलाच घोडा चावतो," मी म्हणालो. "मागे माझी बाही धरली होती त्याने."

तिने पेन पर्समध्ये ठेवले आणि अशी हसत सुटली की ड्रायव्हरने जीप बाजूला घेतली. मग डोळे पुसून म्हणाली, "परवा मी दिल्लीला लिहिणार होते की मारवाडी जातीला हा रोग होत नाही." मी म्हणालो, लिही की, मी कुणाला सांगत नाही. तर म्हणते, "बाबा, चावणं म्हणजे रोगप्रतिकारशक्ती नव्हे."

आता ती बादलीची हकिकत जशी घडली तशी लिहिणार आहे. बादली आणि गमछा ऑफिसात जमा आहेत. मुलगा उल्हास आपल्या बापाला, म्हणजे मलाच, विचारतो, "बाबा, पेन्शन बंद करतील का हो?" आणि तोंड फिरवून हसतो. द्रौपदीचे म्हणणे एकच, माझी बादली कधी मिळणार ते विचारा. दादा, सरकारी कागदावर माझे नाव साथ पसरवणारा म्हणून आले तर आपल्या गणवीर घराण्याला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. म्हणून तिकडे कुणाला सांगू नका आणि वाचून झाले की पत्र फाडून टाका.

तुमचा,
दयाराम

ता. क. शहजादी बरी झाली. सरोजिनी नगरचे घोडेही खाऊ लागले. काळजी नसावी.

ता. क. आणखी. पत्र फाडू नका. विनया आत्ताच ऑफिसातून आली. म्हणाली, बाबा, रिपोर्टात नाव नसतं, "एक वयस्कर नातेवाईक" एवढंच लिहिलंय. मला हायसे वाटले, पण चहा संपेपर्यंतच. दादा, त्या रिपोर्टात प्रत्येक घोड्याची जात आहे, वय आहे, रंग आहे, दात आहेत. त्या चावऱ्या घोड्याला तर एक वेगळा परिच्छेद दिला आहे. आणि जन्मभर रेल्वेच्या कारखान्यात राबलेला मी फक्त एक वयस्कर नातेवाईक. तुम्ही मॅट्रिक आहात, तुमचे इंग्रजी चांगले आहे. तेव्हा विनयाच्या साहेबांना परक्या माणसासारखे एक पत्र लिहा (पत्ता मागच्या बाजूला दिला आहे) की तेवढे शब्द काढून तिथे "श्री. दयाराम गणवीर, निवृत्त फिटर, यांनी हे सर्व काम विनावेतन केले" असे घालावे.