नटावरची जांभळी खूण

३ फेब्रु., सोम.
आजपासून पॅकिंगला. अकरा वर्षं असेंब्लीत काढली आणि आज थर्मोकोल कापत उभी. कारण एवढंच की शनिवारी सगळ्यांसमोर तोंड उघडलं. नवं माहितीपत्रक आलं होतं, चकचकीत कागदाचं. आपली मांस कापायची मशीन, शेजारी कदमसाहेब हाताची घडी घालून, आणि खाली ‘सुरक्षित क्लच. रचना : कदम’. मी म्हणलं, साहेब, हा क्लच माझा आहे. ते हसले. “निर्मला, कंपनीत माझं-तुझं नसतं.” नसतं तर मग खाली नाव कशाला?

मालक पुण्याला. महिन्यातून एकदा येतात, चहा घेतात, जातात. इथं वाळूजला कदमसाहेब म्हणतील ती पूर्व. पुढं कदमसाहेबांना सा. एवढंच लिहीन. पूर्ण नाव लिहायला शाई कोण घालवणार.

५ फेब्रु., बुध.
आज दिवसभर डोकं तापलेलं. लिहून काढते, म्हणजे उद्या मलाच कुणी सांगायला नको की तुझं काय होतं.

मशीनला दोन मोटरी. एकीवर गोल पातं. दुसरीवर ट्रॉली, जिच्यात चिकन-मटणाचा गोळा ठेवायचा. ट्रॉली पुढं-मागं जाते, पात्यावर चकत्या पडतात. ट्रॉली आणि मोटर यांच्या मधी क्लच. खटका ओढला की ट्रॉली मोटरपासून सुटली, हातानं ढकला. खटका सोडला की परत मोटरवर. जुन्या क्लचात नुसती पिन. पिन बसली की बसली. मधी हाड येवो नायतर हात येवो, ट्रॉली दाबतच जायची. रहीमचाचांची करंगळी तशीच गेली. चाचा म्हणजे मला पाना धरायला शिकवलेला माणूस.

मी पिन काढून पाच छर्रे घातले, मागं स्प्रिंग. काही अडकलं की छर्रे खाचेतून उसळतात, ट्रॉली जागेवर थांबते, मोटर नुसती फिरत राहते. स्प्रिंग किती दाबायची ते एका नटावर. सगळा जीव त्या नटात. खोक्याच्या पुठ्ठ्यावर काढून दाखवलं होतं सा.ला. “दे, मी साफ काढून आणतो.” आणलं साफ काढून. खाली सही त्याची.

आता गंमत. त्याच्या ड्रॉइंगवर लिहिलंय, नट साडेतीन फेरे. पहिल्या मशीनला साडेतीन बसले, त्यानं तेवढंच पाहिलं. स्प्रिंगची प्रत्येक खेप वेगळी येते. एखादी मऊ, एखादी राठ. मी फेरे कधीच मोजले नाय. अर्धा तास मशीन पळवायची, ग्रीस गरम झालं की ट्रॉलीला रद्दीवाल्याचा हुककाटा लावून ओढायची, ठरल्या किलोला छर्रे सुटतील तिथं नट आणायचा. मग पातं काढून ट्रॉली चालू करायची आणि पुढं आपली मूठ. चाचांची रीत : ज्यानं सेट केलं त्याचा हात पहिला. छर्रे उसळले तरच नटावर नेलपॉलिशचा जांभळा पट्टा. सासूबाई हसतात, “बाया नखाला लावतात, आमची नटाला लावते.”

सा.नं हे कधी विचारलं नाय. मी सांगितलं नाय. आता तर जीव गेला तरी सांगणार नाय.

७ फेब्रु., शुक्र.
मी सेट न केलेली पहिली मशीन पॅकिंगला आली. सेटिंगच्या कागदावर सा.ची सही. झाकण उघडून पाहिलं तर नटावर जांभळा पट्टा.

माझा पट्टा. माझी खूण. सा.नं त्याच रंगाची बाटली आणली आणि असेंब्लीतल्या पोरांना सांगितलं म्हणे, सेटिंग झालं की हा रंग मारायचा. त्याला वाटलं रंगच आहे. मेल्याला क्लच चोरून भागलं नाय, माझी खूणही पाहिजे.

टेबलाखाली हुककाटा लावून ओढून पाहिली. काट्याची पट्टी पार टोकाला गेली तरी छर्रे हलले नाय. मूठ ठेवायचं धाडस झालं नाय.

आणि मी काय केलं? थर्मोकोल लावला, पेटी बंद केली, पत्त्याची चिठ्ठी लिहिली. गंगापूरचं हॉटेल. करावं तसं भरावं, म्हणलं. भरणार कोण, हा विचार केला नाय. खरं तर आला होता. ढकलला.

९ फेब्रु., रवि.
गुलमंडीवर पोरीला ओढणी घेतली, तिथून चाचांकडं. गुडघे पार गेलेत, खाटेवरच असतात. माहितीपत्रक दाखवलं. बराच वेळ पाहिलं. “अच्छा खडा है. जैसे खुद पैदा किया.” मी लई दिवसांनी हसले.

मग विचारलं, “अब हात कौन रखता?”
“कोई नहीं रखता चाचा.”
“फिर मशीन बाहर कायकू जा रई?”

मी ओढणीची घडी घालत बसले. चाचांनी कप खाली ठेवला, परत उचलला नाय.

१२ फेब्रु., बुध.
अजून तीन गेल्या. पैठण, जालना, एक इथंच शहरात. एकूण चार. चारही पेट्या माझ्या हातच्या.

आणि आज बातमी. २० तारखेला पुण्याहून मोठं गिऱ्हाईक येतंय, हॉटेलांना तयार जेवण पुरवणारे. सा. स्वतः मशीन दाखवणार. पोरांना म्हणाला, “पातं काढून ठेवा. ट्रॉलीपुढं हात ठेवून दाखवू. मागं निर्मला दाखवायची तसं.” मी तिथंच होते, टेप लावत. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाय.

सा. हात ठेवणार. साडेतीन फेरेवाल्या मशीनपुढं.

मनात लई दिवसांनी गार वाटलं. खोटं कशाला लिहू.

१४ फेब्रु., शुक्र.
डाव्या हातात अंगठी आहे त्याच्या, लाल खड्याची. उजव्यानं सही करतो. उजवा ठेवला पाहिजे त्यानं. माझ्या पुठ्ठ्यावरून ज्या हातानं ड्रॉइंग काढलं, तोच. हाडं मोडतील, हात तुटणार नाय. पातं काढलेलं असतं. म्हणजे जिवाला धोका नाय, असं मी स्वतःला सांगते. दिवसातून चारदा सांगते.

मला काही करायचंच नाय. पाना उचलायचा नाय, खोटं बोलायचं नाय. फक्त गप्प बसायचं. कंपनीत गप्प बस म्हणूनच मला पॅकिंगला टाकलं ना, मग घ्या.

सासूबाई : “जेवताना एकटीच काय हसतीस गं?” म्हणलं, काय नाय, भाजी चांगली झालीय.

१६ फेब्रु., रवि.
चाचांना सगळं सांगितलं. वाटलं शाबासकी देतील. त्यांची तर करंगळी गेलेली, त्यांना कळेल.

पूर्ण ऐकलं. मग म्हणाले, “उसका जाने दे. वो चार मशीन पे निशान किसका है?”
“मेरा. पर लगाया तो उन्होंने.”
“हॉटल की बाई को क्या मालूम किसने लगाया? निशान तेरा, तो हात भी तेरा, बेटी.”

भांडले मी. म्हणलं, चाचा, माझं चोरलं ते राहिलं बाजूला, आणि हिशोब मलाच का विचारता? नेहमी आमच्यासारख्यांनीच का शहाणपण दाखवायचं? चाचा करंगळीच्या खुंटावरून अंगठा फिरवत बसले. चहा न घेता निघून आले. रिक्षात रडू आलं, रागाचं.

१८ फेब्रु., मंगळ.
२० तारखेला दाखवायची मशीन पुसायला माझ्याकडं आली. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर काटा लावला. तीच गत, राठ. पाना खिशात होता. दीड फेरा मागं घेतला असता तर काम झालं असतं. पाना नटाला लावला. काढला. परत खिशात.

सा. आला. ट्रॉली हातानं ढकलून पाहिली, मग क्लच लावून रेटून पाहिली. हलली नाय. “पट्टा मारलाय ना नटावर?”
“व्हय, मारलाय.”
“झालं तर.”

उद्या शिवजयंतीची सुट्टी. एक दिवस अजून.

२० फेब्रु., गुरु.
नीट लिहिते, एक गोष्ट सोडणार नाय.

पुण्याचे तिघं. दोन साहेब, एक मॅडम, त्यांच्या किचनच्या प्रमुख. आम्ही सगळे गोल उभे. सा. नवा शर्ट. पातं कसं, मोटर कशी, सगळं बोलून झालं. मॅडमनी विचारलं, “आमच्याकडं बायकाच जास्त आहेत मशीनवर. हात मधी आला तर?”

सा. म्हणाला, “दाखवतो ना.” बाही वर केली. ट्रॉलीकडं पाहिलं. आणि मग माझ्याकडं वळला. “या आमच्या निर्मलाताई. खरं सांगायचं तर हा क्लच यांचाच. या ताई, तुमच्या हातानंच दाखवा.”

अकरा वर्षांत पहिल्यांदा ताई. पहिल्यांदा यांचाच. सगळ्यांसमोर, मला जसं ऐकायचं होतं अगदी तसंच. मॅडम माझ्याकडं बघून कौतुकानं हसल्या. आणि मला तिथंच कळलं, याला माहीत आहे. परवा ढकलून पाहिली तेव्हाच कळलं याला की मशीन राठ आहे. क्लच माझा झाला, कारण आता हात माझा पाहिजे.

मी स्विचपाशी जाऊन उभी राहिले. म्हणलं, “साहेब, आपल्या इथं रीत आहे. ज्यानं सेट केलं त्याचा हात पहिला. कागदावर सही तुमची आहे.”

सा. हसला, “अगं रीत वगैरे...” मॅडम म्हणाल्या, “ठेवा ना सर, छान रीत आहे.” आता पळणार कुठं. घड्याळ काढलं. डावा हात ठेवला, अंगठीवाला.

मी स्विच दाबला. ट्रॉली निघाली. मी ट्रॉलीकडं पाहिलंच नाय, त्याच्या तोंडाकडं पाहत होते. कपाळावर घाम. डोळे माझ्यावर. लहान लेकरासारखे झाले होते डोळे. जे पाहायला आठ दिवस जगले ते पाहिलं. पोट भरायला पाहिजे होतं. भरलं नाय.

ट्रॉली अंगठीला टेकली आणि माझ्या डाव्या हातानं खटका ओढला. मी ठरवलं नव्हतं. हातानं ओढला. ट्रॉली सुटली, थांबली. मोटर फिरत राहिली.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

खटका माझ्या अंगाआड होता. कुणाला दिसलाच नाय. त्यांना वाटलं क्लच सुटला. मॅडम म्हणाल्या, “किती अलगद थांबली.” वीस मशीनींची ऑर्डर जाग्यावर दिली. जाताना मला कार्ड दिलं, “तुमच्यासारख्या बायका पाहिजेत.” मी ते खिशात घातलं. मी एक माणूस वाचवला आणि वीस राठ मशीनी विकून बसले.

सा. हात चोळत उभा होता. त्याला मात्र खटका दिसला होता.

२१ फेब्रु., शुक्र.
सा.नं पेढे वाटले. मला दोन दिले. हळूच म्हणाला, “सोमवारपासून असेंब्लीत ये.” कालचं एक अक्षर नाय. मी त्या चार मशीनी परत बोलवा म्हणलं. “कशाला? तक्रार आलीय का कुणाची?” पेढे तिथंच टेबलावर ठेवले.

चार पत्ते माझ्या वहीत आहेत. पॅकिंगला टाकलं त्याचा एवढा एक फायदा.

२२ फेब्रु., शनि.
रजा टाकली. पिशवीत पाना, काटा, नेलपॉलिश. जीपनं गंगापूर. हॉटेलच्या मागच्या दारानं गेले. मशीनवर संगीता म्हणून बाई, माझ्याच वयाची.

“कंपनीनं पाठवलं का?”
“नाय. मीच आले. आतल्या नटावर खूण माझी आहे.”
“बरं झालं आलात. लई आडदांड मशीन आहे बघा. परवा कांद्याची जाळी अडकली तर थांबायचं नावच नाय. फाडूनच टाकली.”

जाळी दाखवली तिनं. मी जाळी हातात धरून बसले. त्या जागी तिची बोटं असती. ७ तारखेला मी थर्मोकोल लावला होता.

अर्धा तास पळवली. पावणेदोन फेरे मागं घ्यावा लागला. जुना पट्टा ब्लेडनं खरवडला. मूठ ठेवली. टक टक टक, छर्रे उसळले, ट्रॉली थांबली. मग नवा पट्टा. संगीता म्हणाली, मी ठेवून बघू का? म्हणलं, बघ. तिनं ठेवला, आणि हसली. तिला खरं सांगितलं नाय की पंधरा दिवस मला ठाऊक होतं.

२३ फेब्रु., रवि.
सकाळी शहरातली मशीन केली. तीही राठ. पैठण, जालना राहिलं. तिथल्या हॉटेलांना फोन करून सांगितलं, मी येईपर्यंत ट्रॉली हातानंच चालवा.

चाचांकडं गेले, २० तारखेचं सगळं सांगितलं, चहा घेतला. “छोड दिया उसको?”
“हात छोडा चाचा. उसको नहीं.”
चाचांनी मान हलवली. त्यांना पटलं की नाय ते कळलं नाय.

संध्याकाळी सा.चा फोन. “उद्या येतेस ना? वीसच्या वीस तूच सेट कर. माहितीपत्रकात दोघांची नावं टाकू.” आवाज गोड, आणि मागं टीव्हीचा आवाज. दोघांची. म्हणजे अर्धा क्लच त्याचा आणि खटका ओढला ती गोष्ट गडप. महिन्याभरापूर्वी एवढ्यावर मी खुश झाले असते.

मी म्हणलं, “साहेब, एकच करा. त्या मॅडमना परत बोलवा. तीच मशीन, तुमचाच हात. खटक्याला मी हात लावणार नाय.”

नुसता टीव्हीचा आवाज येत होता, म्हणजे फोन चालू होता. मी तशीच थांबले. मग मीच ठेवला.

उद्या फोन करायला मॅडमचं कार्ड नेलपॉलिशच्या बाटलीखाली ठेवलंय, वाऱ्यानं उडू नये म्हणून. उद्याची पैठणची बस सहा चाळीसची.