खिसा म्हणजे काय

अब्बा,

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी जुन्नरच्या बाजारपेठेत तुमच्या दुकानाच्या बाजूनं मी चालत नाही. नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी तुमच्याजवळ बसून काजं-बटणं करत होते. मढचा एक शेतकरी सदरा शिवायला आला. "मास्तर, आतून एक खिसा द्या. यष्टीत लई पाकीटमार झालेत." तुम्ही मशीन थांबवून विचारलंत, "खिसा म्हणजे काय?" तो हसला. "आमची मस्करी करता व्हय?" तुम्ही हसत नव्हता. मी त्याच्याच बंडीचा खिसा दाखवला, तेव्हा मान डोलावलीत आणि नेहमीसारखा सुबक खिसा लावून दिलात.

पुढे कंगवा गेला, कांदा गेला. लोक म्हणाले, कानानं कमी ऐकू येतंय. कान चांगले निघाले. एका डॉक्टरांनी टेन्शन म्हणून गोळ्या दिल्या. गिऱ्हाइकं, रस्ते, सणवार सगळं तुम्हाला आठवत होतं, म्हणून आम्हीही थांबलो. मग एकदा अम्मी स्वयंपाकघरातल्या मोरीपाशी पडली. मनगट मोडलं. ती कळवळतेय, आणि तुम्ही तिला ओलांडून साखरेचा डबा काढताय. ती मला म्हणाली, "मला सुई टोचली तरी फुंकर घालायचा गं हा माणूस."

जुन्नरात नव्या आलेल्या डॉक्टरबाईंनी तुम्हाला तपासलं, मग बाहेर बसवून आम्हाला खोदून खोदून विचारलं. "नुसता शब्द आठवत नसता तर एक वेळ मी थांबले असते. यांचा शब्दाचा अर्थच जातोय, आणि मायाही. साठीसुद्धा झालेली नाही. हे म्हातारपण नव्हे. आता वाट बघू नका, पुण्याला मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. रोज जवळ राहणारं माणूस सोबत न्या, यांना स्वतःला काही सांगता यायचं नाही."

पुण्यात कळलं, मेंदूचा पुढचा आणि कानशिलाकडचा भाग झिजतोय. औषध नव्हतं. पण हे तुम्ही करत नाही, दुखणं करतंय, एवढं अम्मीला समजलं आणि ती तुमच्याशी भांडायची थांबली. परतीच्या एसटीत कंडक्टरनं विचारलं, "म्हाताऱ्यांसंगं कोण?" मी म्हटलं, "मी, लेक त्यांची." तुम्ही माझ्याकडे वळलात. "लेक म्हणजे काय?" मंचर आलं, मागे पडलं. 

आता अम्मीही नाही. मी तुमच्या तेव्हाच्या वयाची झालेय. घरात एकटी असते तेव्हा दिसेल त्या वस्तूचं नाव मोठ्यानं घेते आणि ती कशाला लागते तेही सांगते. अजून सगळं येतं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.