वीस हजार व्होल्ट, घरच्या घरी

४ डिसेंबर
मेहुण्याकडे जेवायला गेलो. मेहुणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ, वीज कंपनीत इंजिनिअर. जेवणभर हजारो व्होल्टच्या गोष्टी सांगत होता. सगळे हातातला घास हातात धरून ऐकत होते. ही तर डोळे विस्फारून. मी टपाल विभागात सीनिअर क्लार्क. एका पाकिटावर दोनदा शिक्का कसा बसला, ती हकीकत मी सुरू केली, तर हिने मला भात वाढला. मी मागितला नव्हता.
ठरलं. हाय-व्होल्टेज पॉवर सप्लाय घरी बनवायचा. वीस हजार व्होल्ट. वर्ष संपायच्या आत. अवघड काही नाही, व्हिडिओ पाहिलाय. अर्धा. पुढच्या अर्ध्यात नुसत्या सावधगिरीच्या सूचना होत्या.

५ डिसेंबर
ऑफिसात जाहीर केलं. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला आम्ही शंकासुर म्हणतो. त्याने विचारलं, एवढ्या व्होल्टचं तू करणार काय? असले प्रश्न विचारणारी माणसं जन्मभर टपाल विभागात राहतात.

९ डिसेंबर
स्वयंपाकघरातला जुना टीव्ही उघडला. हवा तो ट्रान्सफॉर्मर त्यात असतो. टीव्ही बंद पडलेला होता. हिचं म्हणणं, चांगला चालू होता, सकाळीच बघितला. आता दोन्ही सिद्ध करता येणार नाही, त्यामुळे वाद मिटला.
हिचा मिटलेला नाही.

१३ डिसेंबर
सोल्डरिंग. टेबलक्लॉथला भोक पडलं. त्यावर फुलदाणी ठेवली.
संध्याकाळी दुसरं भोक. घरात दुसरी फुलदाणी नाही. नियोजन कमी पडलं.

१६ डिसेंबर
ट्रान्सफॉर्मर तेलात बुडवून ठेवावा म्हणजे वीज भलतीकडे उडत नाही, असं वाचलं. त्यासाठी खास तेल मिळतं म्हणे. तेल ते तेल. पिठाचा रिकामा डबा घेतला, स्वयंपाकघरातला कॅन ओतला. चालू केल्यावर गूं असा भारदस्त आवाज. थोड्या वेळाने घरभर तळणाचा वास. शेजारच्या काकू दारात आल्या, काय गं तळतेयस? ही म्हणाली, ट्रान्सफॉर्मर.
रात्री भाजी उकडलेली.

१८ डिसेंबर, सकाळी
ठिणगी अजून नाही. पण एका वायरला चुकून बोट लागलं आणि मी खुर्चीवरून थेट कपाटापाशी. उजवा हात खांद्यापर्यंत बधिर. म्हणजे व्होल्टेज आहे! शंका फिटली.
हिला काही बोललो नाही. चहा डाव्या हाताने प्यालो, थोडा शर्टावर सांडला. ती बघत राहिली. मग आत जाऊन भावाला फोन लावला. बराच वेळ बोलत होती, दबक्या आवाजात. माझं कौतुक माझ्यासमोर करायचा तिला पहिल्यापासून संकोच.

१९ डिसेंबर
वर्षाची उरलेली रजा संपवायला मी घरीच. मेहुणा ऑफिस सोडून भरदुपारी आला. यंत्र पाहून चेहरा पांढराफटक. म्हणाला, दाजी, याला अर्थिंग कुठाय? म्हटलं, ते शेवटी करू, आधी मुख्य काम. त्याने खुर्ची ओढली आणि मटकन बसला. वर्षानुवर्षं शिकून जे करायचं, ते मी पिठाच्या डब्यात केलं. धक्का बसणारच. मग बहीणभाऊ बराच वेळ बाल्कनीत होते. आत आला तेव्हा मला म्हणाला, दाजी, तुम्ही आमच्या ताईसाठी तरी... आणि पुढे बोलेचना. भावनाप्रधान मुलगा.

२१ डिसेंबर, रविवार
प्रात्यक्षिक. शंकासुराला मुद्दाम बोलावलं. छोटं भाषण केलं. ही रबरी चपला घालून, हातात लाटणं घेऊन मेन स्विचपाशी उभी. उशिरा का होईना, विज्ञानाची गोडी लागली.
बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. गूंसुद्धा नाही. शंकासुर चहा पिऊन म्हणाला, छान आहे, आवाज अजिबात करत नाही.

२३ डिसेंबर
दोष सापडला! डब्यामागची वायर तुटलेली. उंदीर. पण तुकडा असा सरळ, स्वच्छ कापलेला, की कात्रीने कापावा. उंदीर फार हुशार दिसतो. उद्या वायर जोडणार. मग पिंजरा.

२४ डिसेंबर
वायर सोलत होतो, तर ही समोर येऊन बसली. म्हणाली, उंदीरबिंदीर काही नाही. मी कापली. पुन्हा जोडलीत तर पुन्हा कापेन. भाऊ म्हणाला, त्या दिवशी तुम्ही वाचलात हे नशीब, पुढच्या वेळी खुर्चीवरून उठणार नाहीत. टीव्ही गेला, तेल गेलं, मी काही म्हटलं का? पण अहो, तुम्हाला मी कुठून आणू?
आणि रडली. मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. वायर तिच्या हातात दिली.
तरी नोंद करून ठेवतो. माणूस जाईल इतकी वीज त्यात होती. म्हणजे यंत्र चाललं असतं. हे तज्ज्ञानेच मान्य केलं.

२६ डिसेंबर
सगळं सामान मेहुणा घेऊन गेला. डबा घासला. पिठाला वास येतो.

३१ डिसेंबर, दुपारी
कडाक्याची, कोरडी थंडी. ऊन आलं म्हणून स्वेटर काढला. अंगभर चटचट चटचट. तसाच कपाटाच्या हँडलला हात लावला, तर तडकन ठिणगी! निळी! मी ओरडलो. ही धावत आली, वाटेत मेन स्विच बंद करून.
मेहुण्याला फोन लावला. हसत म्हणाला, दाजी, एवढ्या ठिणगीला काही हजार व्होल्ट सहज लागतात. काळजी नको, त्यात जोर नसतो.
म्हणजे घरात हाय-व्होल्टेज सप्लाय आहे. हिने बनवलाय. दोन सुयांवर, टीव्ही न उघडता. मागच्या हिवाळ्यातच.
हिला हे समजावून सांगितलं. सगळं ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, कोपरावर विरलाय तो. नवा विणायला घेते. निळा की राखाडी?
निळा म्हणालो.