पन्नास वटवाघळं आणि चार मशीन

३ ऑक्टोबर, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद हवी.
आमच्या बेटाच्या पॉवर हाउसात चार डिझेल मशीन. कुठल्या मशीनवर किती भार टाकायचा, हे एकतीस वर्षं आमचा ऑपरेटर कितिओने काका नुसता आवाज ऐकून ठरवतो. आता माझा कॉम्प्युटर ठरवेल. त्यात पन्नास वटवाघळं सोडायची, खरी नव्हेत, प्रोग्रॅममधली. प्रत्येक वटवाघूळ भाराची एकेक वाटणी घेऊन उडतं. ज्याच्या वाटणीला डिझेल कमी लागतं, त्याच्याकडे बाकीची वळतात. असल्या प्रोग्रॅमांत मुंग्या, लांडगे, देवमासे जगाने वापरून झाले. वटवाघळं माझी.
डिझेल वाचलं की राजधानीत बदली नक्की. माझी लोसालिने तिथे नर्स. फोनवर सांगितलं, नाताळला तुझ्याजवळ. म्हणाली, मागच्या नाताळलाही येणार होतास. ड्यूटीने थकते बिचारी.

९ ऑक्टोबर
काकाने विचारलं, "साहेब, आकडे कुठले घेताय?" म्हटलं, मीटरचे. म्हणाला, तीन नंबरच्या मशीनचा डिझेल मीटर मार्चपासून अडकलाय, निम्मंच दाखवतो.
नोकरी जायची वेळ आली की माणूस मीटरमध्ये खोट काढतो. समजू शकतो.

२१ ऑक्टोबर, रविवार
पाद्रीबाबा आळसावर बोलले. कोणाबद्दल, कळलं नाही. जेवणानंतर प्रोग्रॅम पूर्ण करायचा संकल्प. अळूच्या पानातलं मांस जरा जास्त झालं. झोपलो.

२ नोव्हेंबर
स्क्रीनवर सतरा टक्के बचत. पन्नासच्या पन्नास तीन नंबरवर जाऊन बसली. एवढं एकमत गावच्या बैठकीत कधी पाहिलं नाही. हेड ऑफिसला कळवलं. बारा तारखेला खऱ्या मशीनवर चाचणी.

१२ नोव्हेंबर, दुपारी ४
दहाला सुरू केलं. सव्वादहाला काका म्हणाला, "तीन नंबर रडतंय." म्हटलं, स्क्रीन हिरवी आहे. वीस मिनिटांनी ते तापून बंद पडलं. त्याचा भार बाकीच्यांवर आला, तीही बंद. सगळं बेट ठप्प. काकाने एकेक करत दोनपर्यंत वीज आणली. मला म्हणाला, तू बाहेर बस.
तत्त्व म्हणून चाचणी यशस्वी.

१३ नोव्हेंबर
बर्फघर बंद पडून मासे मऊ झाले. कोळणींनी टोपल्या माझ्या पायरीवर आणून ठेवल्या. शिव्या कोणी दिल्या नाहीत. त्यांच्यातली सेलु एवढंच म्हणाली, "खा आता, तूच वाट लावलीस." तिच्या घरचा महिन्याभराचा माल होता. दार लावून घेतलं.

१९ नोव्हेंबर
मीटर उघडला. आत गंज. नवा बसवला, वटवाघळं पुन्हा सोडली. जी वाटणी आली ती काका रोज करतो तीच, दोन किलोवॅटचा फरक.
म्हणजे माझी पद्धत बरोबर आहे. एकतीस वर्षांचा पुरावा आहे.

३ डिसेंबर
हेड ऑफिसचं पत्र. राजधानीत नव्या ऑपरेटरांना शिकवायला कितिओने काकाला बोलावलंय. त्याच्या जागी इथे मी, तीन वर्षं. कॉम्प्युटर वापरू नये, असं खाली वेगळं लिहिलंय.
लोसालिनेला फोन केला. तिला ऑकलंडच्या हॉस्पिटलात नोकरी लागलीय. चौदा तारखेला निघतेय. विचारलं, किती दिवसांसाठी? म्हणाली, बॅटरी संपत आलीय, ठेवते.
तासाभराने परत लावून पाहिला. बंद.
चार्जिंगच्या बाबतीत ती पहिल्यापासून निष्काळजीच.