उघड्या काठाचा शब्द

३ मार्च

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

नदीच्या बांधाचं काम निम्म्यावर आलंय. एका बाजूला दगड बसले. दुसरीकडे नुसती माती आणि खाली पाणी. तिथं कुणी उभं राहू नये म्हणून पाटी लावायचीय, आणि ते काम मुकादम म्हणून माझं. इंजिनिअर इंग्रजीवाले, माणसं पोर्तुगीज बोलणारी, आणि मी दोघांपुढे नंदीबैलासारखी मान हलवतो. आधार नसलेल्या, कधीही ढासळेल अशा जमिनीला दोन्ही भाषांत काय म्हणतात ते कळव. घरात कोश करणारी बहीण असताना मी कुणाला विचारू? गेल्या वर्षी माझ्या पाटीवरच्या चुकीच्या शब्दाला तू आठवडाभर हसलीस, म्हणून यंदा तुझा शब्द येईपर्यंत ब्रशला हात लावत नाही.

रागवायला का होईना, लिहीत जा.

तुझा धाकटा

९ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

चांगलं कामाला लावलंस. इंग्रजीत ‘एक्स्पोज्ड’ म्हणावं की ‘अनप्रोटेक्टेड’? पोर्तुगीजमध्ये ‘देस्प्रोतेजीदो’ म्हणजे राखण नसलेलं, ‘देस्कोबेर्तो’ म्हणजे अंगावर पांघरूण नसलेलं, ‘बाल्दीओ’ तर ओसाड पडलेलं. तुझ्या काठाला नेमका कुठला, ते ठरत नाही. अर्धवट यादी हातातून सोडायची नाही, ही माझी खोड तुला ठाऊक आहे. आठवडाभर कळ काढ, पुरी यादी पाठवते. उतावळेपणानं पुन्हा हसं करून घेऊ नकोस.

वेळेवर जेव, म्हणजे माझा जीव थाऱ्यावर राहील.

तुझी ताई

२० मार्च

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी पुरी यादी काल मिळाली. काठ त्याच्या आदल्या दिवशी ढासळला. आमचे म्हातारे गवंडीकाका हात धुवायला तिथं गेले होते. त्यांना बाहेर काढलं, पण पाय गुडघ्याखाली कापावा लागला. ज्या पायांवर उभं राहून त्यांनी चाळीस वर्षं भिंती रचल्या, त्यातला एक.

तुझ्या आधीच्या पत्रातला कुठलाही शब्द रंगवला असता तरी चाललं असतं. नुसती दोरी बांधली असती तरी. दोष तुझा नाही. मी हसण्याला घाबरलो.

जास्त लिहवत नाही.

धाकटा

२४ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

दोष माझा नाही असं लिहिलंस, ते फार लागलं. तुला घाबरवलं कुणी? मीच. शब्द चोख हवा या हट्टापायी तुझ्या पाटीपुढे उभा राहणारा माणूस मला दिसलाच नाही. याचं मला मरेपर्यंत वाईट वाटत राहील.

काकांना सोबत पत्र लिहिलंय, पोर्तुगीजमध्ये. कोश उघडला नाही. सुचेल तशी क्षमा मागितली. चुका असतील. दुरुस्त करत बसू नकोस, आजच वाचून दाखव.

लोभ ठेव म्हणायला तोंड नाही, तरी ठेव.

तुझी ताई